निळं फूल येईल तेव्हा

धुळ्याच्या उन्हाळ्याबद्दल मी बोलायला लागलो की बाहेरगावचे लोक हसतात. हसोत. वैशाखात आमच्या देवपुरात कावळा एका पंखाने उडतो आणि दुसरा डोक्यावर धरतो, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. पांझरा नदीच्या वाळूत पापड टाकला तर भाजून निघतो. फक्त उलटायला चपळ हात लागतो. अशा गावात मी उभं आयुष्य रोपं विकून काढलं. आता तुम्हीच विचार करा, मला किती बोलावं लागलं असेल.

कारण रोपं विकणं हा अर्धा बोलण्याचाच धंदा आहे. गिऱ्हाइकाच्या हातात आपण देतो वीतभर काडी आणि चार पानं. त्याला दिसायला हवा असतो मांडव, घमघमाट आणि शेजाऱ्याचा जळफळाट. ते दाखवणार कोण? काडी तर बोलत नाही. मग मी बोलायचो. लोक मला बापू म्हणत, आणि माझ्या पाठीमागे जे म्हणत ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. एका सरकारी साहेबांना मे महिन्यात बंगल्यापुढे हिरवळ हवी होती, कारण वरचे साहेब येणार होते. मी दाट गहू पेरला. आठवड्यात असं हिरवंगार झालं की वरच्या साहेबांनी बूट काढले. एक वकील मोगऱ्याचं रोप परत घेऊन आले, फुलांना वासच नाही म्हणून माझ्यावर नोटीस काढणार होते. तपकीर ओढून ओढून नाक गेलं होतं वकीलसाहेबांचं, मोगऱ्याचा वास जागेवरच होता. त्यांना मी तोच मोगरा बदलून दिला आणि सांगितलं, ह्याचा वास फक्त बायकांना येतो. घरी बायकोने खात्री दिली आणि खटला मिटला.

पण आज मला सांगायचंय ते एका खरं बोलणाऱ्या बाईबद्दल. माझ्यासारख्याने ते सांगावं हा काव्यात्म न्याय म्हणा, नाहीतर कलियुग म्हणा.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नर्सरीत मी एका बाईंना गुलाब विकत होतो. "बाई, हाच गुलाब एका बंगल्यावर लावला, तर फुलांच्या भाराने कंपाउंडची भिंत पडली. शेजाऱ्यांशी दहा वर्षांचं भांडण होतं, तेही मिटलं." बाई गुलाब घेऊन गेल्या. मागे एक नऊवारीतली म्हातारी उभी होती, शिरपूरकडून एसटीने आलेली. पिशवीतून तिने ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक लांब, पट्ट्यासारखं हिरवं पान काढलं.

"याले निळं फूल येस का?" तिने विचारलं. "खरं सांग, भाऊ. त्या बाईले काय सांगं तेबी आयकं मी."

पान मी लगेच ओळखलं. अगापॅन्थस. थंड हवेच्या गावांतलं झाड. जमिनीलगत पानांचा झुबका, त्यातून कमरेएवढा एकच सरळ दांडा, आणि दांड्याच्या टोकाला निळ्या घंटांचा चेंडू. महाबळेश्वरला एकदा पाहिलं होतं, तेव्हा त्या निळ्याकडे पाहत मी गाडी चुकवली होती.

"येतं, अक्का," मी म्हणालो. "निळंच येतं. मुलाच्या डोक्याएवढा गेंद."

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात खरं वाक्य असेल. म्हातारीने माझ्याकडे असं पाहिलं की भिंत पाडणारा गुलाब तिला माझ्यामागे दिसत असावा. "मंग घर चाल," ती म्हणाली. "तिच्यासमोर सांग."

ती म्हणजे तिची सून, शालिनी.

शालिनीचे वडील मूळचे आमच्याच भागातले, पण पाचगणीच्या एका शाळेत माळी म्हणून गेले आणि तिथलेच झाले. ती त्या शाळेच्या बागेत वाढली. तापीकाठच्या ह्या केळीवाल्या घरात लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेबरोबर एका डब्यात हे रोप घेऊन आली होती. पहिल्याच आठवड्यात अंगणात बसलेल्या बायकांना तिने सांगितलं, ह्याला निळं फूल येतं, एवढं मोठं. हातांनी करूनही दाखवलं.

आणि फूल आलं नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या नाही, त्याच्याही पुढच्या नाही. पानंच पानं.

गावाला काय, म्हण हवीच असते. 'अगापॅन्थस' कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून झाडाला 'पंत' म्हणू लागले. "पंत उठले का?" येणारा-जाणारा अंगणात डोकावून विचारायचा. तिथवर ठीक होतं. पण पुढे पारावर कुणी विचारलं, "लाईट कव्हय यी?" की दुसरा म्हणायचा, "शालिनीनं निळं फूल यी तव्हय!" पुढाऱ्याने रस्त्याचं आश्वासन दिलं, निळं फूल. मुलाकडचे लोक कळवतो म्हणून गेले, निळं फूल. जे कधीच होणार नाही, त्याला त्या गावात तिचं नाव लागलं.

मी गेलो तेव्हा ती चहा घेऊन आली. मी म्हणालो, "पाचगणीला थंडी फार ना?" ती म्हणाली, "मला काय माहीत." माहेरच्या गावाच्या थंडीबद्दल! अक्का मला नंतर म्हणाल्या, की ती आता सगळ्यालाच असं म्हणते. भाजीत मीठ किती, मला काय माहीत. काहीतरी सांगावं आणि कुणी हसावं, त्यापेक्षा सांगूच नये. मी थापाड्या माणूस, माझ्या जिभेला कधी कुलूप लागलं नाही. त्या घरात खरं बोलणारी गप्प बसली होती.

अंगणात सासरे, म्हणजे नाना, बाजेवर बसले होते. रुंद, मोठ्या आवाजाचे, मनाने वाईट नव्हेत. "बापू, हाई गवत शे," ते म्हणाले. "म्हैसले टाक आन् मोकळा व्हय." शालिनीचा नवरा विलास बी.एस्सी. झालेला, तो दोन्ही बाजूंनी हसायचा आणि कुठल्याच बाजूने बोलायचा नाही.

झाड पाहिलं आणि मला हसू आलं. मोरीच्या पाण्यावर, काळ्या मातीत, दिवसभराच्या उन्हात, वर मूठमूठ युरिया. काळी माती पाणी धरून ठेवते, ह्याची मुळं जाड आणि मांसल, ती कुजतात. युरियाने पानं माजतात, फूल विसरतात. मी शालिनीला सगळं समजावलं. सकाळचं ऊन द्यायचं, दुपारचं नाही. नदीची जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडी माती. खत म्हणून केळीच्या वाळल्या खोडांची राख. त्या घरात तिची काय वाण! थंडीची काळजी नको, पौषातल्या खानदेशी रात्री पंतांना पाचगणीची आठवण करून देतात. प्रश्न मुळांच्या उन्हाळ्याचा. म्हणून पिण्याच्या पाण्याचा एक जुना गळका डेरा घेतला, त्यात झाड लावलं आणि डेरा निंबाखाली ओल्या वाळूत गळ्यापर्यंत बसवला. माणूस उन्हाळ्यात पाणी गार करतो तसंच.

"आणि मुख्य म्हणजे," मी तिला म्हणालो, "ह्याला दाटी लागते. बाजूने पिल्लं फुटतील, डेरा गच्च भरेल, मुळांना हलायला जागा उरणार नाही. तेव्हाच फूल येतं. त्याआधी कितीही लाड करा."

ती पहिल्यांदा वर बघून बोलली. "बाबा हेच म्हणायचे. अडचणीत आलं की फुलतं."

निघताना अक्का मला केळीची बाग दाखवायला घेऊन गेल्या. बोलता बोलता कमरेचा विळा काढून त्यांनी एका खोडाच्या बुडाशी फुटलेलं पील तिरका छाट देऊन उडवलं, डास मारावा इतक्या सहज. केळ लावणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. मूळ झाडाभोवती पिलं फुटतात, ती वेळच्या वेळी काढली नाहीत तर सगळा जोर त्यांच्यात जातो आणि घड बारीक राहतो. "पील काढं नही ते माय कशी पोसाई?" अक्का म्हणाल्या. मी मान डोलावली आणि एसटीला पळालो. त्या वाक्याकडे मी तेव्हा लक्ष द्यायला हवं होतं, पण आम्हा बोलणाऱ्यांचे कान कामातून गेलेले असतात.

पुढच्या वर्षी थंडी ओसरताना विलास नर्सरीत आला. "बापू, एकदा येऊन जा," एवढंच म्हणाला. रस्त्यात कळलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात, तशी शालिनी जाणार होती. पण तिने या वेळी ट्रंक दोन महिने आधीच भरायला घेतली होती, आणि तिच्यात हिवाळ्याचे कपडेही होते. परत कधी, विचारलं की म्हणायची, "मला काय माहीत."

अंगणात डेरा तसाच, निंबाखाली, ओल्या वाळूत. राख, पाणी, सावली, सगळं मी सांगितलं तसं. पानं निरोगी. पण दाटी नाही. एकच झुबका, मध्ये एकटा उभा. मला समजेना. मी झाड डेऱ्यातून उपसलं, वाळू झटकली आणि बुडाशी पाहिलं.

तिरके, स्वच्छ छाट. काही जुने, खपली धरलेले. काही आठवड्याचे, अजून ओलसर.

शालिनीनेही वाकून पाहिलं. मग ती ताठ उभी राहिली आणि त्या घरात आल्यापासून बहुधा पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली. "कुणीतरी कापतंय. मुद्दाम. ह्या घरात ते फूल कुणाला नकोच आहे. मी खोटी ठरलेलीच बरी!" हे बोलताना ती नानांकडे बघत होती.

नाना बाजेवरून उठले. "मी? मी त्या गवतले हातबी नही लावस!"

विलास जमिनीकडे बघत होता. आणि मी दाराकडे पाहिलं. दारात अक्का उभ्या होत्या. कमरेला विळा. त्यांचा चेहरा मी कसा सांगू? ह्या एका जागी मला काही फुगवून सांगता येत नाही. गेली सगळी वर्षं, सुनेला फूल यावं म्हणून, गावाची तोंडं बंद व्हावीत म्हणून, ह्या बाईने जगातलं एकमेव शास्त्र जे तिला येत होतं ते त्या झाडावर चालवलं होतं. पील दिसलं की काढायचं. माय पोसली पाहिजे. जितकं जास्त प्रेम, तितका धारदार विळा. कुणाला सांगितलंही नव्हतं, कारण केळीवाल्याच्या घरात पील काढल्याचं कुणी सांगत नाही. अंघोळ केल्याचं कुणी सांगतं का?

आणि आत्ता, अंगणात उभं राहून, सून ज्याला दुष्टावा म्हणत होती तो आपलाच हात आहे हे त्यांना कळत होतं.

मी विचार केला असं म्हणणार नाही. विचार करायची मला सवय नाही. तोंड आपोआप उघडलं.

"कुणी कापलेलं नाही," मी म्हणालो. "हा पुत्रत्याग आहे."

"काय शे?" नाना म्हणाले.

"पुत्रत्याग. परक्या मातीत आलं की हे झाड पहिली काही वर्षं आपली पिल्लं आपणच टाकून देतं. आतून एक धार सुटते, पात्यासारखी, आणि पिल्लू साफ वेगळं होतं. माती ओळखीची झाल्याशिवाय पोरं वाढवायची नाहीत, असा त्याचा बाणा आहे. नाईल नदीच्या काठी तर ह्याच्या त्यागाचा आवाज येतो, टक् टक्."

"पुरानमा शे का हाई?"

"वनस्पतिशास्त्रात आहे, नाना."

विलास, बी.एस्सी., गंभीरपणे म्हणाला, "हो, कुठेतरी वाचल्यासारखं वाटतंय." देव त्याचं भलं करो.

"पण हा शेवटचा छाट दिसतोय," मी छाट उगाच नखाने खरवडून बघत म्हणालो. "आता त्याग संपला. यापुढे पिल्लं टिकतील. मात्र त्यांना लोखंड दाखवायचं नाही. विळा नाही, सुरी नाही, कात्री नाही. केळ मोकळी राहिली की घड देते. हे त्याच्या उलट आहे, पोरंबाळं अंगाखांद्यावर दाटली तरच फुलतं." हे सगळं मी नानांकडे तोंड करून, पण दारापर्यंत जाईल अशा आवाजात सांगितलं.

दारात कुणी नव्हतं. आतून चूल फुंकल्याचा आवाज आला, आणि तो जरा जास्तच वेळ येत राहिला.

शालिनीने झाड पुन्हा डेऱ्यात बसवलं. आखाजीला ती पाचगणीला गेली, आणि आखाजी होताच परत आली. मी देवपुरात छाती काढून फिरलो. पुत्रत्यागाने संसार वाचवला म्हणून.

त्यानंतर पाऊस गेला, थंडी गेली. चैत्रात एक दिवस नाना स्वतः नर्सरीत हजर. "बापू, तुना पंतनी डेरा फोडी टाका!" निंबाखालचा डेरा वरपासून खालपर्यंत तडकला होता. मुळांनी आतून रेटा दिला होता. नानांना वाटलं नुकसान झालं. मी भर रस्त्यात नाचलो. डेरा फुटणं म्हणजे आत जागा उरली नाही. तडकलेल्या डेऱ्याला सुतळी आवळून तसाच ठेवायला सांगितलं, आणि पंधरवड्याने निरोप आला: दांडा निघाला.

त्या आखाजीला शालिनीला न्यायला माहेरून माणूस आला, तो तसाच परत गेला. "बाबांना म्हणावं, या वर्षी तुम्ही या," असं तिने सांगून पाठवलं.

आता थोडं माझं सांगतो. अगापॅन्थस मी पुढे नर्सरीतही आणला. निंबाखाली ठेवला, वाळूत ठेवला, राख घातली. कधीच फुलला नाही. कारण साधं आहे. चार पिल्लं फुटली की मी ती वेगळी करून पिशव्यांत लावायचो आणि विकायचो. धंदाच तो. दाटी होईपर्यंत थांबणारा नर्सरीवाला उपाशी मरतो. लोकांना मी आयुष्यभर फुलं सांगितली आणि काड्या दिल्या; फूल आलं की नाही हे बघायला मी फार थोड्या अंगणांत परत गेलो. आता गुडघे दुखतात, म्हणून सगळ्या अंगणांत जावंसं वाटतं. माझंही असंच उलटं.

त्या अंगणात मात्र गेलो. आखाजीचा दिवस. निंबाच्या फांदीला झोका बांधलेला, गावातल्या माहेरवाशिणी जमलेल्या, आमरसाचा वास. आणि झोक्यापलीकडे, सुतळी आवळलेल्या फुटक्या डेऱ्यातून, कमरेएवढा दांडा आणि त्यावर निळा गेंद. आमच्याकडे त्या दिवसांत निळं असं काही नसतं. आभाळही पांढरं असतं. त्या एका फुलाने अंगणात अशी जागा केली होती की बायका बोलायच्या थांबल्या होत्या. आमच्याकडच्या बायका. आखाजीला. ह्यावर विश्वास ठेवू नका, मीही ठेवला नसता.

अक्का एकेकीचा हात धरून तिला डेऱ्यापाशी नेत होत्या. "दखा वं बठ्ठ्या! मनी वहू खोटं नही बोलस!" दूरच्या गल्लीतल्या आंधळ्या आत्याबाईंनाही आणून त्यांनी गेंद हाताने चाचपायला लावला होता. नाना बाजेवर होते. मला पाहून म्हणाले, "गवत चांगलं शे." त्यांच्याकडून एवढं म्हणजे ताम्रपट.

शालिनीने मला आमरस वाढला आणि वाकून, हळू आवाजात विचारलं, "बापू, पुत्रत्याग कोणत्या पुस्तकात आहे हो?"

मी वाटी खाली ठेवली.

"मी माळ्याची मुलगी आहे," ती म्हणाली. "कापलेलं काय आणि आपोआप गळलेलं काय, हे मला कळतं. रागात नानांकडे बघून ओरडले खरी, पण छाट तिरका होता, उजव्या हाताचा, खालून वर. या घरात तसा विळा एकच जण चालवतं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

तिने अक्कांकडे पाहिलं. त्या अजून कुणाला तरी ओढून आणत होत्या. "तुम्ही धार-बीर सांगत होता ना, तेव्हा मी त्यांच्याकडेच बघत होते. अख्ख्या गावात कुणालाच फूल येईल असं वाटत नव्हतं, बापू. ज्याला वाटत नाही, तो पील कशाला काढेल?"

हे मला सुचायला हवं होतं. मला, ज्याने कावळ्याला पंख डोक्यावर धरायला लावला.

तेवढ्यात झोक्यावरून उतरलेली एक माहेरवाशीण पदराने वारा घेत आली आणि डोळे विस्फारून शालिनीला म्हणाली, "वं वहिनी, तुमना गावले याच्याथीन मोठं येस का?"

अंगण ऐकत होतं. शालिनीने माझ्याकडे एकदा पाहिलं, अगदी तोंडभर गंभीर होऊन.

"याच्याहून?" ती म्हणाली. "अहो, हे तर बाळ आहे. पाचगणीला एकेक गेंद पाटीत मावत नाही. पावसाळ्यात धुकं दाटलं, हाताला हात दिसेना झाला, की आम्ही मुलं त्याच्या निळ्या उजेडात शाळेत जायचो."

बायकांनी माना डोलावल्या. "आसं व्हय!" आंधळ्या आत्याबाई म्हणाल्या. एकीच्याही चेहऱ्यावर शंकेची रेघ नव्हती. अक्कांनी तर सगळ्यांकडे असं पाहिलं, की बघा, मी काय सांगत होते.

मी तोंड उघडलं होतं, ते आमरसाने भरून घेतलं. चाळीस वर्षं थापा मारल्या, पण इतकी सफाईदार थाप मला कधी जमली नाही. मला तेवढी पत कधी नव्हतीच.